चिकटपट्टीखालचं नाव

नाशकात रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणालात
तर तो मैदानावर सोडतो.
तिथं पहाटे अर्धं गाव गोल गोल चालतं,
कुणाच्या हातात काठी असलीच
तर ती गुडघ्यासाठी.
म्हणून मी आधीच सांगितलं : देवळाली कॅम्प, लॅम रोड,
गांगुर्ड्यांची पत्र्याची शेड.

मांडीवर बॅग. बॅगेत निवृत्त ब्रिगेडियरांचा अख्खा सेट,
घर आवरताना त्यांनी मला अर्ध्या किमतीत दिलेला.
दोन वर्षं मी त्या माणसाच्या खांद्यांनी खेळत होते.
चेंडू उजवीकडे जायचा, बुटका, रुसल्यासारखा,
आणि सगळे म्हणायचे, ‘मॅडम, मनगट सोडा.’

सुदाम गांगुर्डे. पूर्वी कॅडी.
त्यांनी हँडिकॅप विचारला नाही.
विचारलं, ‘घरी पोळ्या कोण लाटतं?’
मी म्हटलं, नवरा.
‘मग मनगट ताजं आहे.’

शिंप्याच्या टेपनं माझं मनगट ते जमीन मोजलं.
क्लबच्या तोंडाला टाल्कम पावडर फासली,
एक फटका मारायला लावला
आणि ठसा दाखवला,
टाचेजवळ, अगदी कडेला,
दारातूनच परत गेलेल्या पाहुण्यासारखा.

मग शाफ्ट शेगड्यात आवळून
बोटानं छेडला.
ते कान लावून मोजू लागले
तोच रेंजवर तोफ उडाली.
पत्रा झणझणला, कपातला चहा झणझणला.
‘थांबा,’ म्हणाले, ‘आधी तिचं होऊ दे.’
आम्ही उभे राहिलो, दोघंही,
शेड शांत होईपर्यंत.

मी सातपूरला व्हॉल्व्ह तपासते. तेवीस वर्षं.
गेज एका टोकानं आत जायला हवा,
दुसऱ्या टोकानं अडायला हवा,
मध्ये कुणाचं मत नसतं.
म्हणून त्यांनी सात शाफ्टच्या लेबलांवर
काळी चिकटपट्टी लावली तेव्हा मला बरं वाटलं.
डोकं एकच, काठी बदलायची.
मागच्या रानात दारणेच्या बाजूला
जुन्या चादरी अंथरलेल्या, दगड ठेवून.

पहिला दांडगा. दुसरा उसाच्या कांड्यासारखा,
खाली येईपर्यंत काय ठरलं होतं तेच विसरलेला.
तिसऱ्याबद्दल मला काही आठवत नाही.
चौथ्याच्या वेळी
हातात काहीच आलं नाही,
ना धक्का, ना झिणझिण्या,
फक्त एक ‘टक्’,
आणि चेंडू
पांडवलेण्यांच्या दिशेला बराच वेळ होता.

‘झालं,’ गांगुर्डे म्हणाले.
मी म्हटलं, एका नगावर लॉट पास होत नाही.
दहा मारले. आठ निळ्या चादरीवर.
उरलेले तिन्ही तपासले, पद्धत म्हणून,
आणि पुन्हा चौथ्याकडे आले.

मग पट्टी सोलली.
खाली नाव नव्हतं.
ना कंपनी, ना आकडा, ना अक्षर,
नुसता जुन्या गोंदाचा पिवळा डाग.
गांगुर्ड्यांनी चष्मा वर केला, खाली केला,
‘हा कुठून आला काय माहीत,’ म्हणाले
आणि पोरासारखे हसले.

सातपूरला असा नग
मी न विचारता लाल खोक्यात टाकते.

अर्धा इंच कापला. ते कडं मी मागून घेतलं,
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कॅलिपर लावला :
पंधरा पूर्णांक चोवीस.
तक्त्यात लिहायला रकाना नव्हता.
तसाच आणखी एक शोधायला
गांगुर्ड्यांना दोन महिने लागणार आहेत, सगळ्या सेटला वर्ष.
तोवर मी एकाच क्लबनं खेळते,
लांबचंही, जवळचंही.

बाकीची डोकी त्यांनी गॅसवर तापवून सोडवली.
ब्रिगेडियरांचे शाफ्ट माझ्याकडे परत दिले :
‘टोमॅटोला लावा.’

परवा त्यांचा पुण्याहून फोन आला.
‘काय, क्लब कसे आहेत माझे?’
मी गॅलरीतल्या कुंड्यांकडे पाहिलं.
म्हटलं, सर, अगदी ताठ.
एकही वाकलेला नाही.